दुचाकीचा ऑक्सिजन सेन्सर: काम, बिघाड आणि देखभाल याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1 एप्रिल 2020 पासून देशात वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस6 निकष लागू झाले. त्यानंतर बाजारात आलेल्या बहुतेक पेट्रोल दुचाकींमध्ये, मग ती शंभर सीसीची रोजच्या वापराची गाडी असो वा साडेतीनशे सीसीची बुलेट, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले आणि त्यासोबत धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही आला. चेक इंजिनचा दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिला संशय याच सेन्सरवर घेतला जातो. कधी सर्व्हिसिंगच्या बिलावर तो 'साफ केल्याचे' पैसेही लावलेले दिसतात. या दोन्ही प्रकारांत मालकाचा खर्च होतो आणि मूळ बिघाड अनेकदा तसाच राहतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

ऑक्सिजन सेन्सर गाडीत नेमका कुठे असतो?

तो सिलिंडर हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपवर, धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. काही मॉडेलांमध्ये तो थेट सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट पोर्टजवळ बसवतात. बाहेरून षटकोनी डोके आणि त्यातून निघालेली एक किंवा अनेक वायरी एवढेच दिसते. त्याचे काम करणारे टोक पाइपच्या आत, बारीक भोके असलेल्या धातूच्या टोपणाखाली, सतत गरम धुराच्या झोतात असते.

दुचाकीला त्याची गरज का भासली?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंना तीन कामे एकाच वेळी करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण करायचे असते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. ही तिन्ही कामे एकत्र तेव्हाच नीट होतात, जेव्हा मिश्रण या आदर्श प्रमाणाच्या अगदी जवळ असते. मिश्रण थोडे जरी रिच झाले, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त झाले, तरी पहिली दोन कामे अडतात आणि थोडे लीन, म्हणजे पेट्रोल कमी, झाले तर तिसरे अडते.

इतका बारीक तोल कार्ब्युरेटरला सांभाळता येत नाही, कारण आपण दिलेल्या मिश्रणाचे पुढे काय झाले हे कळण्याचा मार्गच त्याच्याकडे नसतो. ऑक्सिजन सेन्सर ती माहिती पुरवतो. मोटारींमध्ये हे तंत्र बरेच आधी आले. 1976 मध्ये बॉश कंपनीचा सेन्सर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांमध्ये प्रथम बसवला गेला.

धुरातला ऑक्सिजन हा सेन्सर ओळखतो कसा?

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात झिर्कोनियम डायऑक्साइडची सिरॅमिक भिंत असते. तिच्यात थोडे यट्रियम ऑक्साइड मिसळलेले असते आणि दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा अतिशय पातळ, सच्छिद्र थर असतो. एका बाजूला धूर लागतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, आणि तिच्यात सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. ही सिरॅमिक साधारण 300 अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार व्होल्टेज निर्माण होते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर हे व्होल्टेज 0.8 ते 0.9 पर्यंत जाते. ऑक्सिजन उरलेला असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ते 0.1 ते 0.2 पर्यंत उतरते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हा बदल हळूहळू होत नाही. आदर्श प्रमाणाजवळ व्होल्टेज एकदम खाली-वर उडी घेते, त्यामुळे मिश्रण कोणत्या बाजूला झुकले आहे हे हा सेन्सर खात्रीने सांगतो, पण किती झुकले आहे ते सांगत नाही. ते मोजायचे असेल तर वाइडबँड नावाचा वेगळा आणि महाग सेन्सर लागतो, जो ट्यूनिंग करणारे लोक वापरतात. काही लहान दुचाकींमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा सेन्सर असतो. तो स्वतः व्होल्टेज निर्माण करत नाही, त्याचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, वाचतो.

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे सांगितलेल्या अनेक फसव्या बिघाडांचा उलगडा त्यातच आहे.

ईसीयू या संकेताचे काय करते?

सेन्सरने रिच सांगितले की ईसीयू इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ किंचित कमी करते, लीन सांगितले की किंचित वाढवते. गाडी एका वेगाने चालत असताना ही घटवाढ अखंड चालू असते, म्हणून निरोगी झिर्कोनिया सेन्सरचे व्होल्टेज सतत वर-खाली होत राहते. वारंवार एकाच दिशेने दुरुस्ती करावी लागत असेल, तर ईसीयू ती सवय स्मृतीत साठवते आणि पुढे त्याच हिशोबाने पेट्रोल सोडते.

मात्र हा संकेत नेहमी वापरला जात नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर सेन्सर तापेपर्यंत, आणि थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर, ईसीयू त्याच्याकडे लक्ष न देता ठरवून दिलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडते. त्यामुळे फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला त्रास होत असेल, तर आधी बॅटरी, प्लग आणि इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर तपासावा.

काही सेन्सरांना एक वायर असते, काहींना चार. फरक काय?

एक वायर असलेल्या सेन्सरमध्ये हीटर नसतो, तो केवळ धुराच्या उष्णतेवर तापतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी आतल्या हीटरच्या असतात आणि दोन संकेताच्या. हीटर असलेला सेन्सर लवकर कामाला लागतो आणि सिग्नलवर गाडी बराच वेळ उभी राहिली तरी थंड पडत नाही. बदली सेन्सर घेताना वायरींची संख्या, आट्यांचा आकार आणि कपलर (वायरी जोडण्याचा प्लग) हे तिन्ही जुळले पाहिजेत. दुचाकींवर बहुधा 12 मिलिमीटरचे आटे असतात, पण काही मोठ्या गाड्यांवर मोटारींसारखे 18 मिलिमीटरचेही असतात.

नव्या गाड्यांमध्ये दोन सेन्सर का दिसतात?

1 एप्रिल 2025 पासून दुचाकींना ओबीडी-2बी हा, गाडीने आपले बिघाड स्वतः ओळखण्याच्या नियमांचा, पुढचा टप्पा लागू झाला, ज्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही लक्ष ठेवणे अपेक्षित आहे. त्यासाठी अनेक मॉडेलांमध्ये कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सर बसवतात. पहिला सेन्सर मिश्रण सांभाळतो. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर दुसऱ्याचे व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर राहते, आणि तेही पहिल्यासारखे वर-खाली होऊ लागले तर कन्व्हर्टर निकामी होत चालल्याचे ईसीयूला कळते.

ऑक्सिजन सेन्सरला नियमित देखभाल लागते का?

नाही. त्यात तेल घालायचे नसते, तो खोलायचा नसतो, ठरावीक किलोमीटरनंतर काढून पुसायचाही नसतो. सर्व्हिसिंगच्या वेळी जे पाहायला हवे ते सेन्सरच्या बाहेर असते. बेंड पाइपच्या गॅस्केटमधून धूर निसटतो का, सेन्सरची वायर कुठे घासते किंवा गरम पाइपला टेकते का, कपलर घट्ट बसला आहे का आणि त्यात गंज किंवा चिखल आहे का, एवढे बघायला पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे मात्र मेकॅनिकने खरोखर द्यावीत असा आग्रह धरावा, कारण सेन्सरच्या नावावर खपणारे कितीतरी बिघाड याच ठिकाणी सापडतात.

बाकी देखभाल म्हणजे इंजिनाची देखभाल. एअर फिल्टर वेळेवर बदलणे, प्लग चांगला ठेवणे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरणे आणि इंजिन ऑइल खाऊ लागले तर ते अंगावर न काढणे, या गोष्टींवर सेन्सरचे आयुष्य ठरते.

मग तो साफ करून मिळतो, त्याचा काही उपयोग नाही का?

उपयोग जवळजवळ नाही आणि धोका खरा आहे. टोकावर साधी काजळी असेल, तर मिश्रण दुरुस्त झाल्यावर आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडी चालल्यावर ती उष्णतेने आपोआप जळून जाते. काजळी नसून सिलिकॉनचा काचेसारखा थर किंवा ऑइलमधील फॉस्फरसचा लेप असेल, तर तो कार्ब क्लीनरने किंवा रॉकेलने निघत नाही, कारण तो प्लॅटिनमच्या छिद्रांमध्येच बसलेला असतो. वायर ब्रशने टोपणाची भोके बिघडतात, गॅसच्या ज्योतीवर धरल्याने सिरॅमिक तडकू शकते, आणि काढ-घाल करताना बेंड पाइपचे आटे जातात ते वेगळेच. चांगला चालणारा सेन्सर केवळ साफसफाईसाठी काढू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो किती किलोमीटर टिकतो?

मोटारींच्या बाबतीत हीटर नसलेल्या जुन्या सेन्सरसाठी 50 ते 80 हजार किलोमीटर आणि हीटर असलेल्यासाठी एक लाख किंवा त्याहून अधिक किलोमीटर, असे आकडे उत्पादक देत आले आहेत. दुचाकीत कंपने जास्त, इंजिन लहान आणि सेन्सर पाण्या-चिखलाच्या अधिक जवळ, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. केवळ किलोमीटर झाले म्हणून बदलण्यापेक्षा तपासणीत दोष सिद्ध झाल्यावर बदलावा. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत बदलण्याचा ठरावीक टप्पा छापलेला असेल, तर तो पाळावा.

तो कशामुळे खराब होतो?

पहिले कारण सिलिकॉन. इंजिनाची कव्हरे बसवताना गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटच्या जोडीला जो चिकट सीलंट फासला जातो, तो साध्या प्रतीचा असेल तर त्याची वाफ इंजिनात खेचली जाते आणि जळून सेन्सरवर पांढरट थर बसतो. 'सेन्सर सेफ' असे लिहिलेला सीलंट बाजारात मिळतो. इंजिन खोलले जाणार असेल तर तोच वापरायला सांगावे. चमक आणण्यासाठी मारले जाणारे सिलिकॉन स्प्रे एअर फिल्टरजवळ मारू नयेत, तेही याच कारणासाठी.

दुसरे कारण इंजिन ऑइल. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले की ऑइल जळू लागते आणि त्यातील फॉस्फरस व राख सेन्सरवर बसते. अशा गाडीला नवा सेन्सर बसवणे म्हणजे काही महिन्यांनी तोच खर्च पुन्हा करणे होय. तिसरे कारण फक्त लिक्विड कूल्ड गाड्यांचे आहे. हेड गॅस्केट गळून कूलंट ज्वलनकक्षात गेले, तर त्यातील घटकही सेन्सरला मारक ठरतात.

यांत्रिक इजा हे चौथे कारण. सिरॅमिक ठिसूळ असते. सायलेन्सर खाली पडला, गाडी घसरून बेंड पाइपला मार बसला, किंवा पान्हा निसटून सेन्सरवर आदळला, तर बाहेरून काहीही न दिसता आत तडा जाऊ शकतो.

वायरीचे दुखणे सर्वात साधे आणि सर्वात जास्त आढळणारे. सायलेन्सरचे काम झाल्यावर वायर तिच्या मूळ क्लिपमध्ये परत अडकवली जात नाही, ती हळूहळू खाली येते आणि बेंड पाइपला टेकते. वरचे आवरण वितळते, आतली तांब्याची तार पाइपला स्पर्श करते आणि दिवा लागतो. असा प्रसंग असेल तर जवळून पाहिल्यावर पाइपवर वितळलेल्या प्लॅस्टिकचा काळा ठिपका दिसतो. वायरीची दुरुस्ती वेळीच झाली, तर बहुधा सेन्सर वाचतो.

चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला, तर तो बदलायचा का?

लगेच नाही. कोड म्हणजे ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, तो फक्त कुठे विसंगती दिसली ते सांगतो. पी0135 सारखा कोड हीटरच्या सर्किटचा असतो, तेव्हा फ्यूज आणि वायरिंग आधी पाहावे. पी0131 म्हणजे व्होल्टेज कमी आणि पी0132 म्हणजे जास्त, पण ते कमी किंवा जास्त का, याचे उत्तर कोडमध्ये नसते.

समजा, बेंड पाइप आणि सिलिंडर हेड यांच्यामधले गॅस्केट थोडे जळाले आहे. एक सिलिंडरच्या इंजिनात धुराचे ठोके जोरदार असतात. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमध्ये दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो लीन असे सांगतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवते. प्रत्यक्षात मिश्रण आधीच बरोबर होते. आता ॲव्हरेज घसरते, धुराला पेट्रोलचा वास येतो, आणि दोष सेन्सरवर येतो, ज्याने पाइपमध्ये असलेला ऑक्सिजन अगदी बरोबर मोजला होता.

मिसिंगचेही तसेच. प्लगची ठिणगी चुकली की पेट्रोल जळत नाही आणि हवेतला ऑक्सिजनही वापरला जात नाही. दोन्ही तसेच पाइपमध्ये येतात. सेन्सर पेट्रोल मोजत नसल्यामुळे त्याला केवळ जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि आधीच पेट्रोल वाया जात असलेल्या इंजिनात आणखी पेट्रोल सोडले जाते. ज्या गाड्यांमध्ये एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे तो नीट बंद झाला नाही तरी हाच गोंधळ होतो. म्हणून क्रम असा असावा: आधी धुराची गळती, मग प्लग आणि इंजेक्टर, मग वायरिंग, आणि या सर्वांत काही न सापडल्यास सेन्सर.

सेन्सर चांगला आहे की नाही, हे कसे तपासतात?

सर्वात चांगला मार्ग म्हणजे स्कॅनर जोडून, इंजिन पूर्ण तापल्यावर, सेन्सरचे व्होल्टेज चालू स्थितीत पाहणे. अनेक बीएस6 गाड्यांना सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे सहा पिनांचा डायग्नॉस्टिक कपलर असतो. साधारण 0.1 आणि 0.9 व्होल्टच्या दरम्यान आकडा चपळपणे हलत असेल, तर झिर्कोनिया सेन्सर काम करतो आहे. आकडा वरच्या बाजूला चिकटून राहिला, तर इंजिनाला क्षणभर ज्यादा हवा देऊन पाहावी. व्होल्टेज खाली आले तर सेन्सर जिवंत आहे आणि बिघाड मिश्रणात आहे.

डिजिटल मल्टिमीटरनेही व्होल्टेज पाहता येते. मात्र संकेताच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावू नये, तसेच मीटर ओहमवर ठेवून झिर्कोनिया सेन्सरच्या संकेताच्या वायरी मोजू नयेत, कारण मीटर स्वतः सोडत असलेला प्रवाह सेन्सरला बाधू शकतो. ओहमवर फक्त हीटरच्या दोन वायरी मोजाव्यात आणि येणारा आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा.

पावसाळ्यात आणि गाडी धुताना काय काळजी घ्यावी?

रस्त्यावरून उडणारे पाणी लक्षात घेऊनच सेन्सर बनवलेला असतो, त्यामुळे कोकणातल्या पावसात रोज गाडी चालवणाऱ्यांनीही घाबरण्याचे कारण नाही. वॉशिंग सेंटरमध्ये मात्र इंजिन गरम असताना जोरदार फवारा थेट सेन्सरवर किंवा त्याच्या कपलरवर मारू देऊ नये. तापलेले सिरॅमिक अचानक गार झाले तर तडकू शकते. झिर्कोनिया सेन्सरला लागणारी बाहेरची हवा त्याच्या मागच्या भागातून, अनेकदा वायरींच्या आवरणातून, आत जाते. म्हणून कपलर ग्रीसने बुजवू नये आणि तुटलेल्या वायरीला सोल्डरचा डाग देण्याऐवजी क्रिंप करून जोड द्यावा.

ई20 पेट्रोलमुळे सेन्सर बिघडतो का?

ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. केवळ इथेनॉलमुळे सेन्सर बिघडत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई20 जळायला हवा कमी लागते आणि आदर्श प्रमाण 14.7 वरून सुमारे 13.5 वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडे जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक आपोआप भरून काढते, तर कार्ब्युरेटरची जुनी गाडी तेवढी लीन चालते. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असल्याने ॲव्हरेजमध्ये जी घट दिसते, ती मात्र कोणताही सेन्सर भरून काढू शकत नाही.

सायलेन्सर बदलल्यावर सेन्सर काढून टाकला किंवा रेझिस्टर लावला तर?

असे करू नये. रेझिस्टर लावल्यावर ईसीयूला खोटा संकेत मिळतो आणि मिश्रणावरचे नियंत्रण संपते. कन्व्हर्टर काढलेली गाडी कानाला मोठी वाटते, पण तिचा विषारी धूर मागच्या दुचाकीवर आईच्या पुढे बसलेल्या मुलाच्या नाकात जातो. गाडीत असे फेरफार करणे मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 शी विसंगत ठरते, आणि प्रदूषणाच्या निकषांच्या भंगासाठी कलम 190 आहेच.

सेन्सर बिघडलेला असताना गाडी चालवत राहिले तर काय होते?

बहुतेक गाड्या बंद पडत नाहीत. ईसीयू ठरावीक तक्त्यावर चालते, म्हणून परगावाहून घरी यायला अडचण येत नाही. महिनोन् महिने तसेच चालवल्यास मात्र रिच मिश्रणातील पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, काही इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची आतली जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

बदलायचाच असेल तर काय पाहावे?

पार्ट नंबर जुळवून मूळ किंवा मान्यताप्राप्त उत्पादकाचाच सेन्सर घ्यावा. भंगारातून आलेल्या वापरलेल्या सेन्सरने कोणत्या इंजिनाचा धूर खाल्ला आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तो टाळावा. जुना सेन्सर इंजिन कोमट असताना सहज सुटतो. नव्याच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच लेप लावलेला असतो. वेगळा लेप लावण्याची वेळ आली, तर तो टोकाला लागू देऊ नये. आटे आधी हाताने लावावेत आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळावे. शेवटी वायर मूळ क्लिपमध्ये अडकवून कोड पुसावा आणि काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी, म्हणजे ईसीयूच्या स्मृतीतील जुने हिशोब बदलतात. त्यानंतरही दिवा पुन्हा लागला, तर नव्या सेन्सरवर शंका घेण्याआधी बेंड पाइपचे गॅस्केट तपासून घ्यावे.